हौसाक्कांच्या शब्दावर

हौसाक्का या महिन्यात निवृत्त होत आहेत. कर्मचारी संघटनेनं त्यांच्यासाठी एक स्मरणिका काढायचं ठरवलं आहे. संघटनेचे सचिव जमादारभाऊ यांचा मला फोन आला. "पोरी, अक्कांवर दोन पानं लिहून दे. तुला लिहायला येतंय. चांगलंच लिही म्हंजे झालं."

मी हो म्हटलं. मग तीन वेळा लिहायला बसले आणि तिन्ही वेळा पहिल्या ओळीत 'प्रेमळ' हा शब्द लिहून खोडला. हौसाक्का प्रेमळ नव्हत्या. माझ्याशी तर नव्हत्याच. त्यामुळं आता जे लिहिते आहे ते स्मरणिकेत जाणार नाही, हे मला माहीत आहे. तरी लिहिते. त्यांना शेवटचं पाहून वर्ष होत आलं तरी मला त्यांचा राग येतो, आणि ज्या माणसाचा एवढा राग येतो त्याच्याबद्दल गोड गोड लिहिलं तर ते मला स्वतःलाच वाचावंसं वाटणार नाही.

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. वडील कसबा बावड्याहून बाजारात भाजीचा टेम्पो चालवतात, आई घरी शिवणकाम करते. सकाळी बी.कॉम.चे तास करायचे आणि बारा वाजल्यापासून एका फौंड्रीच्या टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरीच्या खोलीत, शिकाऊ म्हणून बसायचं, असं माझं दीड वर्ष चाललं होतं. फौंड्रीचं नाव लिहीत नाही. लोखंड वितळवून साच्यात ओतायचं आणि मशिनचे भाग काढायचे, हे तिथलं काम. भागाच्या आत जी पोकळी हवी असते तिच्यासाठी वाळूचा कडक ठोकळा करून साच्यात ठेवावा लागतो. त्याला कोअर म्हणतात. कोअर करायच्या खात्यात सगळ्या बायका होत्या, बावीस जणी, साडीवर पुरुषी शर्ट घातलेल्या. हौसाक्का त्यांच्यातल्या सगळ्यांत जुन्या. संघटनेच्या कमिटीवर बायकांसाठी एक जागा आहे. ती जागा झाली तेव्हापासून हौसाक्काच तिच्यावर होत्या.

पहिल्या दिवशी त्या टाइम ऑफिसच्या खिडकीशी आल्या. बुटक्या, अंगाने भरलेल्या, शर्टाचं गळ्यापर्यंतचं प्रत्येक बटण लावलेलं. बाकीच्या बायकांचे शर्ट चुरगळलेले असायचे, यांचा इस्त्रीचा.

"कॉलेजची हाय काय तू?"

"हो."

"मग हिकडं कशाला आलीस?"

 उत्तराची त्यांनी वाट बघितली नाही. तेव्हापासून माझं नाव कॉलेज पडलं. अश्विनी हे नाव त्यांनी कधी तोंडातून काढलं नाही. "कॉलेज, तुजं घड्याळ दोन मिन्टं फुडं हाय." "कॉलेज, मंगलचा खाडा लावलायस, ती वर साहेबाकडं गेलती." चूक माझी असायची, हेच जास्त लागायचं.

संघटनेची एक पत्र्याची खोली होती, गेटच्या आत डाव्या हाताला. तिला सगळे हॉल म्हणायचे. कमिटीच्या लोकांसाठी तिथं खुर्च्या होत्या, पण अक्का खुर्चीवर बसायच्या नाहीत. दाराला लागून एक क्रेट पालथा घालायच्या आणि त्यावर बसायच्या. येणारा त्यांच्यासमोरून यायचा, जाणारा त्यांच्यासमोरून जायचा. शर्टाच्या खिशात शेंगा असायच्या. कुणी बोलायला उभं राहिलं की त्या शेंगा फोडायला लागायच्या. बोलणारा जितका लांबवेल तितका कटकट आवाज वाढायचा. आवाज थांबला की सगळ्यांना कळायचं, आता अक्का बोलणार. त्या बहुतेक वेळा दोनच शब्द बोलायच्या. "बरं. फुडं?"

त्या दोन शब्दांनी मी किती माणसं खाली बसताना पाहिली. एकदा कॅन्टीनमधल्या पातळ आमटीबद्दल एक जण पाच मिनिटं तावातावानं बोलला. अक्का म्हणाल्या, "बरं. फुडं?" त्याच्याकडं पुढचं काही नव्हतं. लोक हसले, तो बसला, आमटी तशीच राहिली.

त्यांचं दुसरं एक वाक्य होतं. "सायबानं आजवर माजा शब्द खाली पडू दिला न्हाय." हे त्या इतक्यांदा सांगायच्या की मीही मानायला लागले होते. मग माझ्या हळूहळू ध्यानात आलं की साहेब नाही म्हणतील असं काही त्या मागतच नाहीत. पंख्याची दुरुस्ती, दिवाळीला मिठाईचा बॉक्स जरा मोठा, हातमोजे वेळेवर. बसचं मात्र त्या कधी काढायच्या नाहीत.

बसचं असं होतं. दिवसपाळी साडेचारला सुटायची आणि कंपनीची बस चार पस्तीसला निघायची. कोअर करणाऱ्या बायकांच्या हातापायाला, केसांना वाळू असते आणि ती घट्ट करायच्या चिकट औषधाचा वास असतो. नळ दोन. बावीस जणींचं हातपाय धुऊन होईपर्यंत बस गेटबाहेर पडलेली असायची. मग त्या हायवेपर्यंत चालत जायच्या आणि वडापच्या, म्हणजे सीटवर माणसं भरून नेणाऱ्या, जीपला हात करत उभ्या राहायच्या, तीन जणी पुढं, दोघी मागं, जागा मिळेल तशा. बस पंधरा मिनिटं थांबावी, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. अक्का म्हणायच्या, "पंधरा मिन्टं आदी हात धुवा की. आमी तर गावापस्तोर चालत जाइत हुतो."

एक गोष्ट मला मान्य करावी लागेल. वीसेक वर्षांपूर्वी कोअरच्या खात्यातल्या एका बाईचा नवरा गेला. तो तिथंच भट्टीवर कामाला होता. तिला त्याच्या जागी घ्यायला मॅनेजर तयार नव्हते. अक्का मॅनेजरच्या केबिनबाहेर चार दिवस जमिनीवर बसून राहिल्या, शेंगा फोडत. पाचव्या दिवशी त्या बाईला कामावर घेतलं. हे मला तीन वेगवेगळ्या माणसांनी सांगितलं, म्हणजे खरं असणार. पण ती चार दिवस बसणारी बाई मी पाहिलेली नाही. मी पाहिली ती क्रेटवरची. आणि नोकरी मिळालेल्या त्या बाईनं पुढं कधीच अक्कांच्या मनाविरुद्ध हात वर केला नाही, हेही त्याच माणसांनी सांगितलं.

माझा आणि अक्कांचा खरा संबंध आला तो शिबिरामुळं. संघटनेच्या वरच्या जिल्हा कार्यालयाकडून पत्र आलं होतं. प्रत्येक ठिकाणी कामगार बायकांमधून स्वयंसेवक निवडायच्या आणि त्यांना चार रविवार शिकवायचं. सभेत बोलायचं कसं, अर्ज लिहायचा कसा, नियम वाचायचे कसे, कुणाला लागलं-भाजलं तर काय करायचं. शिबिर झालं की वर्षाच्या सभेत बायकांच्या जागेसाठी रीतसर निवड घ्यायची. आजवर निवड झालीच नव्हती. जमादारभाऊ विचारायचे, "अक्काच ना?" आणि सगळे म्हणायचे, "अक्काच."

जमादारभाऊ भट्टीवर होते. शांत माणूस, कुणाला दुखवायचं नाही हा त्यांचा स्वभाव. पत्र वाचून ते मला म्हणाले, "तू कॉलेजची. कागदपत्राचं, शिकवायचं तू बघ. तुलाबी शिकायला मिळंल." त्या रात्री मला आनंदानं झोप लागली नाही, असं लिहिलं तर खोटं होणार नाही. आपल्यावर कुणीतरी काहीतरी सोपवलं, हे माझ्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं.

कमिटीत पत्र वाचलं तेव्हा शेंगांचा आवाज थांबला.

"पुढारी म्हंजे काय कोअर हाय व्हय, जमादार?" अक्का म्हणाल्या. "वाळू भरली, तापवली, चार रविवारात काढली?"

सगळे हसले.

"अक्का, तुमच्यानंतर कोण, हे बघाय नगो?" जमादारभाऊ म्हणाले.

"माज्यानंतर? मी कुठं निघालोय?"

पुन्हा हशा. मी वही घेऊन कोपऱ्यात उभी होते. अक्कांनी माझ्याकडं पाहिलं. "आणि शिकवणार कोण? ही? हिनं कोअर केलाय काय कवा?"

मी मोबाइलवर बायकांचा ग्रुप केला. रविवारी सकाळी दहा वाजता हॉलमध्ये यावं, असा निरोप टाकला. शेवटी हात जोडल्याचं चित्रही टाकलं. एकोणीस जणींनी अंगठा दाखवला. मी एकोणीस वह्या आणल्या, एकोणीस पेनं आणली. फळ्यावर सुंदर अक्षरात 'स्वागत' लिहिलं.

दोघी आल्या. एक मंगल. दुसरीचा डबा शुक्रवारी हॉलमध्ये विसरला होता, तो घ्यायला आली आणि घेऊन गेली.

अक्का दारात क्रेटवर होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, तरी नऊ वाजल्यापासून येऊन बसल्या होत्या. साडेअकरापर्यंत त्या काही बोलल्या नाहीत. मी वह्या पिशवीत भरायला लागले तेव्हा त्यांनी मांडीवरची टरफलं झटकली.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"व्हय."

"मग सांगितलं का नाही?"

"तू इचारलं न्हाईस."

त्या उठल्या आणि गेल्या. मला रडू आलं, पण मंगल समोर होती म्हणून रडले नाही. मंगल तिशीची, दोन मुलांची आई, बोलायला फटकळ. ती माझ्याबरोबर वह्या भरू लागली.

"अगं अश्विनी, अंगठा दावला म्हंजे बघितलं. येतो म्हंजे न्हवं," ती म्हणाली. "आणि रविवार आमचा हाय व्हय? रविवार सासूचा. मागून घ्यावा लागतोय."

"कुणी मागायचा?"

"अक्का मागती की. दरवर्षी सहल काढायची असली, हळदीकुंकू असलं, ती घरोघर जाऊन मागती. माजी सासू आज देवाला गेलीया, म्हणून मी आलो."

मला ते ऐकून चीड आली. नोकरी करणारी, घर चालवणारी बाई, आणि तिचा रविवार तिच्या सासूकडं मागायचा. पण पुढचा रविवार सहा दिवसांवर होता. सोमवारी मी चहाच्या सुट्टीत कोअरच्या खात्यात गेले आणि अक्कांना म्हटलं, "माझ्याबरोबर याल का घरोघर?"

"बरं," त्या म्हणाल्या. या वेळी 'फुडं' म्हणाल्या नाहीत.

चार संध्याकाळी आम्ही हिंडलो. गाडी माझ्या मामाची, जुनी मोपेड. अक्का मागं एका बाजूला पाय टाकून बसायच्या आणि एका हातानं माझा खांदा असा धरायच्या की दुखायचा. प्रत्येक घरी त्यांची पद्धत एकच. चपला बाहेर काढायच्या. आत या म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. आधी पाणी मागायचं. मग म्हातारीचा गुडघा, म्हशीचं दूध, धाकट्या मुलाचं लग्न. कामाचं नाव नाही. मला वाटायचं, विसरल्या की काय. आणि मग उठता उठता, पदर सारखा करत, "बरं का, तुमची सून मला चार रविवार द्या. दहा ते एक. एक वाजता मी हिथं आणून सोडतो."

सून तिथंच भाकरी थापत असायची. तिच्याकडं कुणी बघायचंही नाही.

"तिला का विचारत नाही?" मी दुसऱ्या दिवशी गाडीवर विचारलं.

"तिला काय इचारायचं? तिला यायचंच हाय. सोडणार कोण, त्येला इचारायचं."

मी पुढच्या घरासमोर गाडी थांबवली. 

प्रत्येक घरी निघताना त्या मला म्हणायच्या, "कॉलेज, गाडी वळवून लाव जा." मी बाहेर जाऊन गाडी वळवायचे. त्या आत म्हातारीशी दोन मिनिटं हळू आवाजात बोलायच्या. मला वाटायचं, बायकाबायकांचं काहीतरी असेल. माझ्यासारख्या बिनलग्नाच्या मुलीसमोर बोलायचं नसेल. उलट गाडीचं काम त्या माझ्यावर सोपवतात, हे मला मानाचं वाटलं.

रविवारी पंधरा जणी आल्या.

ते तीन रविवार माझ्या आयुष्यातले चांगले होते. हे मी लिहिते आहे आणि त्यात अक्कांचा हात होता, हेही लिहिते. मी पुस्तकातलं सांगायला गेले की बायका जांभया द्यायच्या. मग मंगलनं मला बाजूला केलं आणि म्हणाली, "त्यापेक्षा आपुन बसचं बोलूया." एकीला साहेब केलं. खुर्चीवर बसवलं, चष्मा दिला. बाकीच्यांनी तिच्याकडं बस मागायची. पहिली उभी राहिली आणि हसायलाच लागली. दुसरी म्हणाली, "सायेब, बस जरा थांबवा की," आणि साहेब झालेली बाई म्हणाली, "डिझेल तुजा बा घालतोय काय?" सगळ्या लोटपोट. पण तिसऱ्या रविवारपर्यंत मंगल न हसता, न अडखळता, बोलायला लागली होती. हात धुवायला किती वेळ लागतो, नळ किती, वडापमध्ये परवा काय झालं. अर्ज तिनं स्वतःच्या अक्षरात लिहिला. तो तिनं वाचून दाखवला आणि म्हणाली, "ह्यो अर्ज मीच देणार. कमिटीत जाऊन देणार. मी उभी ऱ्हातो."

टाळ्या वाजल्या. अक्का दाराशी शेंगा फोडत होत्या. आवाज थांबला नाही, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मंगल टाइम ऑफिसच्या खिडकीशी आली. चेहरा उतरलेला.

"न्हाय जमत," ती म्हणाली. "सासू न्हाय म्हणती. अक्कानं शब्द दिलाय तिला."

"कसला शब्द?"

"शिकंल, पण उभी ऱ्हाणार न्हाय. कमिटीच्या भानगडीत पडणार न्हाय. त्या बोलीवरच सोडलं म्हणं मला."

मी चौथ्या रविवारी एकेकीला विचारलं. पंधराच्या पंधरा घरी तोच शब्द दिला होता. मी गाडी वळवत होते तेव्हा. आणि तो काही या वर्षीचा नव्हता. कोअरच्या खात्यात आलेली जवळजवळ प्रत्येक बाई कधी ना कधी अक्कांच्या शब्दावर घराबाहेर पडली होती. कामाला, सहलीला, हळदीकुंकवाला. दर वेळी शब्दाला ती एक शेपटी होती. म्हणून इतकी वर्षं सगळ्या 'अक्काच' म्हणत होत्या. मला वाटायचं तो आदर आहे.

मी चहाच्या सुट्टीत सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. 

"तुम्ही स्वतःची जागा राखलीत," मी म्हटलं.

"व्हय. माजीच हाय ती." त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "मी आलो तवा हितं बायकास्नी संडास न्हवता. दिवसभर पाणी प्याइत न्हवतो आमी. तो कुणी आणला? तुज्या पुस्तकानं?"

"मग आता बसची पंधरा मिनिटं आणा की."

"आणतो. येळ आली की."

"बायका मागतायत त्याला आठ वर्षं झाली म्हणे."

"कॉलेज, सायेब एकदा न्हाय म्हणाला की दुसऱ्यांदा न्हाय म्हणायला त्येला सोपं जातंय. तुला कळायचं न्हाय ते."

"आणि मंगलचं? तिला जमतंय. तुम्ही ऐकलंत तिला."

"ऐकलं. म्हणून तर." त्यांनी कप परत उचलला. मग माझ्याकडं नीट बघून म्हणाल्या, "आणि लई उड्या मारू नगं. तुज्या बापालाबी मीच बोललोय."

घरी जाऊन मी वडिलांना विचारलं. ते जेवत होते. त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. "व्हय की. तुला फौंड्रीत लावायचं म्हणताना मीच चौकशी केली. बाईमाणसाला जागा बरी हाय का. मग अक्का आल्या, च्या घेतला. म्हणाल्या, पोरगी माज्या नजरंखाली ऱ्हाईल. संघटनेच्या राजकारणात पडणार न्हाय, माजा शब्द."

म्हणजे मी खिडकीशी बसायच्या आधीच त्या आमच्या घरी येऊन गेल्या होत्या. मला "मग हिकडं कशाला आलीस" असं विचारणाऱ्या बाईनंच मला तिकडं आणलं होतं. मी स्वतःला शिकलेली, स्वतःच्या पायावर चालणारी समजत होते. मीही मागून आणलेलीच होते. मला मंगलच्या सासूचा राग यायचा. आता माझ्या वडिलांचाही यायला हवा होता, पण ते भाकरीचा तुकडा मोडत माझ्याकडं इतक्या सरळपणे बघत होते की तो सगळा राग अक्कांकडंच गेला.

वर्षाच्या सभेला आठ दिवस होते. मंगल म्हणाली, जाऊ दे. मी एकटीच तिच्या सासूकडं गेले. चपला बाहेर काढल्या. उंबऱ्याबाहेर थांबले. पाणी मागितलं. गुडघ्याचं विचारलं, आणि विचारताना माझीच मला लाज वाटली, कारण हे मी कुणाकडून शिकले ते मला माहीत होतं. पण मी कुणाला गाडी वळवायला पाठवलं नाही. मंगल चुलीपाशी होती, तिच्यासमोरच बोलले.

"आजी, मंगलला कमिटीवर उभं राहायचं आहे. बससाठी. खोटं सांगत नाही, भानगडीत पडावंच लागेल."

म्हातारीनं मंगलकडं बघितलं. मग म्हणाली, "शब्द मी न्हाय दिल्याला. तिनं दिलाय मला. तिचा शब्द मी कसा मोडू?"

"मग सभेला येऊन तुम्हीच त्यांना सांगा."

"मला कुणी बोलीवलंय?"

"मी बोलावते आहे."

ती हसली. तिचे पुढचे दात नव्हते. "इतकी वर्सं सून न्ह्यायला येत्यात," ती म्हणाली. "मला कोण बोलवाय आलं न्हवतं."

सभेला हॉल भरला होता. बाप्ये खुर्च्यांवर आणि भिंतीला टेकून, बायका पुढं सतरंजीवर. मागच्या खिडकीपाशी मंगलची सासू, डोक्यावर पदर, हातात पिशवी. बायकांच्या जागेसाठी मत फक्त कोअरच्या बावीस जणींना होतं. शिकाऊंना नव्हतं. मी वही घेऊन जमादारभाऊंच्या बाजूला उभी होते.

"बायकांच्या जागेसाठी," जमादारभाऊ म्हणाले, "अक्काच ना?"

"माजं नाव लिवा," मंगल म्हणाली. ती उभी राहिली होती.

 क्रेटवरून अक्कांचा आवाज आला. अगदी साधा, घरातल्यासारखा. "मंगल, घरात इचारलंस काय?"

"मी हितंच हाय," मागून म्हातारी म्हणाली. सगळे वळले. "अक्का, तुमी मला शब्द दिलता. पाळलासा. त्यो मी तुमास्नी माघारी दिला. आता तिला उभी ऱ्हाऊ द्या."

 अक्का म्हातारीकडं बघत राहिल्या. मी त्यांना कधी उत्तराशिवाय पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

जमादारभाऊंनी अक्कांसाठी हात वर करायला सांगितलं. तेरा. नोकरी मिळालेली ती बाईही त्यांत होती, खाली मान घालून. निकाल तिथंच लागला. भाऊ म्हणाले, "झालं मग," आणि रजिस्टर मिटायला लागले.

"मंगलचं मोजा," मी म्हटलं. माझा आवाज एवढा मोठा येईल असं मला वाटलं नव्हतं.

बस अजून चार पस्तीसलाच सुटते. मंगल फोनवर सांगते. आता अक्कांची जागा मोकळी होणार आहे, तर ती परत उभी राहणार आहे. त्या सभेनंतर दोन आठवड्यांत माझी शिकाऊची मुदत संपली आणि ती वाढवली गेली नाही. कुणी सांगितलं म्हणून की आपोआप, ते मला माहीत नाही, मी विचारलंही नाही. ते दोन आठवडे अक्का माझ्या खिडकीकडं फिरकल्या नाहीत. त्यामुळं त्यांना मी जवळून शेवटचं पाहिलं ते त्या सभेतच.

मंगलसाठी हात वर झाले. जमादारभाऊंनी मोजले आणि म्हणाले, "दहा."

"तेरा न् धा तेवीस व्हत्यात," अक्का म्हणाल्या. "बाया बावीस हाईत."

त्या उठल्या आणि सतरंजीवरच्या बायकांमधून चालत आल्या. वर असलेल्या प्रत्येक हाताच्या मनगटाला त्या बोट लावत होत्या आणि ती बाई कोण हे चेहऱ्याकडं बघून घेत होत्या. एकही हात खाली गेला नाही. मंगलच्या मनगटाला त्यांनी जरा जास्त वेळ बोट लावलं. शेवटी त्या माझ्यासमोर आल्या. मला तेव्हा कळलं की माझाही हात वर आहे.

"तुला मत न्हाय, कॉलेज," त्या म्हणाल्या. त्यांनी माझं मनगट धरलं आणि हात खाली ओढला. त्यांचा तळवा खरखरीत होता. आणि त्या वळून जमादारभाऊंना म्हणाल्या, "नऊ. लिवून घ्या."